डिसेंबरात सासूसासरे आणि मुलांना घेऊन गोव्याला: नेमका कुठला बीच?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरहून सातजणांची गाडी, त्यात पाच आणि अकरा वर्षांची मुलं, सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाईंना एखादं देऊळ झालं तर बरं, दीर म्हणतोय बागा बीचच पाहिजे, चार रात्री, डिसेंबरचा दुसरा आठवडा. आणि विचारलंय, नॉर्थ घ्यावा का साऊथ, बेस्ट बीच कुठला.

थेट उत्तर आधी देऊन टाकतो: पाळोळे. काणकोण तालुका, म्हणजे गोव्याचं पार दक्षिण टोक. मी स्वतः पेडण्याचा, म्हणजे बरोब्बर उलट्या टोकाचा, टुरिस्ट टॅक्सी चालवतो आणि सीझनला ओळखीच्यांना राहण्याची सोय बघून देतो, त्यामुळे खरं तर मी तुम्हाला मांद्रे किंवा मोरजी सांगायला पाहिजे, माझाच फायदा. पण पाच वर्षांचं पोर पाण्यात जाणार असेल तर मी पाळोळेच सांगतो. का ते सविस्तर लिहितो, म्हणजे तिथे बुकिंग नाही मिळालं तर दुसरीकडचं तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

लोक बीच निवडतात नावावरून आणि फोटोवरून. फोटोत सगळे सारखेच दिसतात हो, वाळू, माड, सूर्य बुडताना. बघायचं असतं ते पाणी. दोनच गोष्टी बघायच्या, वाळूचा उतार किती आणि लाट कुठे फुटते. उतार कमी असला की लाट लांब फुटते आणि काठापर्यंत येईस्तोवर तिचा जोर मेलेला असतो, पोरांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं पाणी पन्नास पावलं मिळतं. उतार जास्त असला की लाट काठावरच आपटते आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते, तिथे चार पावलांत कमरेएवढं पाणी होतं आणि म्हातारं माणूस असलं तर ते गुडघाभर पाण्यातसुद्धा पडतं. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे चप्पल काढून ओल्या वाळूत चाला. वाळू बारीक आणि घट्ट असेल, पाऊल नुसतं उमटत असेल, तर उतार कमी. वाळू जाडसर असेल आणि टाच आत रुतत असेल तर समजा उतार आहे, मुलांचा हात सोडू नका.

पाळोळे हा अर्धचंद्रासारखा किनारा, दोन्ही टोकांना खडक आणि डोंगर, उत्तरेकडे एक छोटं बेट. त्यामुळे मोठी लाट आत येतायेता मोडते. वाळू बारीक, उतार एकदम कमी. सकाळी नऊच्या सुमाराला गेलात तर कित्येकदा तळ्यासारखं पाणी असतं. गोव्यात सकाळचा समुद्र आणि दुपारचा समुद्र हे दोन वेगळे समुद्र आहेत, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खवळतं, फेब्रुवारीनंतर तर हे जास्तच जाणवतं. म्हणून मुलांची अंघोळ सकाळी, संध्याकाळी वाळूत किल्ले. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, सकाळी हॉटेलचा फुकट नाश्ता साडेदहापर्यंत ओढतात आणि ऊन उतरल्यावर पाण्यात जातात, तोपर्यंत लाइफगार्डची ड्युटी संपत आलेली असते.

तेच आगोंद बघा. पाळोळ्याहून दहा किलोमीटरसुद्धा नाही, जास्त सुंदर म्हणणारेही खूप, शांत तर नक्कीच, पण तिथे उतार जास्त आणि पाण्याला ओढ आहे. चालायला, बसायला, नवराबायको दोघंच आले असतील तर एक नंबर. तुमच्या मंडळींना नाही. पाटणे पाळोळ्याच्या अगदी शेजारी, मध्ये कोळंबची छोटी खाडी, तिथे गर्दी कमी, लाटा जरा जास्त. अकरा वर्षांच्या मुलाला पाटणे जास्त आवडेल कदाचित, चालतच जाता येतं.

आता भरती-ओहोटीचं. हे कोणी विचारत नाही आणि अख्खी सहल यावर अवलंबून असते. तुमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असेल ना, त्यावर तिथी बघा. आमच्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात आणि तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाचाचे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडंफार मागेपुढे होतं, पण प्लॅन करायला पुरतं, आणि दुसऱ्या दिवशी पाऊण-एक तास पुढे सरकतं. याचा उपयोग काय, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आलात तर संध्याकाळी साडेपाचला ओहोटी, म्हणजे सूर्यास्ताला किनारा भरपूर रुंद, क्रिकेट खेळा नाहीतर सायकल चालवा. अष्टमीच्या आसपास आलात तर दुपारी बारा वाजता ओहोटी आणि संध्याकाळी पाणी वर आलेलं, शॅकच्या, म्हणजे वाळूवरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्यांच्या, खुर्च्या मागे सरकवलेल्या. पण अष्टमीला भांग असते, पाणी फार चढत नाही फार उतरत नाही, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणापेक्षा ओढही कमी असते, म्हणजे लहान मुलांना ते दिवस चांगलेच. पाळोळ्याला ओहोटीच्या वेळी उत्तरेकडच्या बेटापर्यंत चालत जाता येतं, मुलांना फार मजा येते, खडकांत खेकडे-शिंपल्या बघायला मिळतात. फक्त जाताना पाणी उतरत असताना जा, चढत असताना नको. पाणी चढायला लागलं की मधला भाग आधी भरतो आणि आपण पलीकडे फोटो काढत असतो.

बागा-कळंगुटबद्दल लोक नाकं मुरडतात, मी नाही मुरडत. गर्दी आहे, पण वॉटर स्पोर्ट्स, दुकानं, रात्रीचं चालणं-फिरणं सगळं हाताशी आहे, मित्रमित्र येतात त्यांनी तिथेच राहावं. पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे उतार कमीच आहे, तरीसुद्धा माणसं ओढली जातात, कारण रिप करंट. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते पाणी कुठून तरी परत जाणार, तर पाण्याखाली वाळूचे जे उंचवटे असतात त्यांच्या मधल्या खाचेतून ते एकत्र होऊन जोरात आत जातं. वरून ती जागा कशी दिसते माहितेय? दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मध्ये दहा-पंधरा मीटरचा पट्टा शांत, जरा गडद किंवा गढूळ, लाटच नाही. आणि पोहता न येणारा माणूस नेमका तिथेच उतरतो कारण ती जागा सेफ वाटते! कधी सापडलातच तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही, दमून जाल, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत बाहेर पडायचं, पोहता येत नसेल तर नुसतं तरंगत हात वर करायचा. ओढ पायाखाली खेचत नाही, आत नेते, घाबरून दमणारा माणूस बुडतो.

म्हणून बीचवर पोचलात की दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. झेंडा कुठला आहे बघा. लाल-पिवळा झेंडा जिथे, त्या दोन झेंड्यांच्या मध्ये उतरायचं, नुसता लाल असेल तर नाही म्हणजे नाही. २००८ पासून गोव्यात सरकारने लाइफगार्ड नेमलेत, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा असतात, आणि ही मुलं रोज तेच पाणी बघत असतात. सरळ जाऊन विचारा, "भाऊ, आज कुठे उतरू?" हसतात, पण व्यवस्थित सांगतात. शिट्टी वाजवली की आमचे पर्यटक हात हलवून "काही नाही होत" म्हणतात, ते करू नका. नदी किंवा ओहोळ जिथे समुद्राला मिळतो तिथे कुठल्याच बीचवर उतरायचं नाही, मग ती बागाची खाडी असो, मोरजीला शापोरा नदीचं तोंड असो, मोबोरला साळ नदी असो. मिरामार मांडवीच्या तोंडावर आहे, ते पणजीकरांचं संध्याकाळी चालायचं ठिकाण, पोहायचं नाही. आमच्या पेडण्यात केरी, तेरेखोलच्या तोंडावर, सुरूची झाडं, गर्दी कमी, दिसायला लाख, पण पाणी फसवं आहे.

समजा पाळोळे जमलं नाही. मग दोन पर्याय.

एक म्हणजे सासष्टी तालुक्याचा पट्टा. वेळसांवपासून मोबोरपर्यंत पंचवीसेक किलोमीटर सलग वाळू, मध्ये कोलवा, बाणावली, वार्का, केळशी असे गावागणिक भाग. सासूसासऱ्यांच्या दृष्टीने हा पट्टा कदाचित पाळोळ्यापेक्षाही सोयीचा, कारण मडगाव जवळ, डॉक्टर-मेडिकल जवळ, आणि मंगेशी-शांतादुर्गा करायचं तर मडगावहून फोंडा वीसेक किलोमीटर. कोलव्याला गाडी जवळजवळ वाळूपर्यंत जाते, पण शनिवार-रविवारी जत्रा असते. मी बाणावली घेईन. सकाळी लवकर गेलात तर नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल, पंधरा-वीस माणसं दोन बाजूंनी जाळं ओढतात, हळूहळू अर्धगोल लहान होत जातो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळा आरडाओरडा, वर घारी आणि बगळे, जाळ्यात बांगडे-तारले तडफडतायत. तुमची मुलं दोरीला हात लावतील तर कोणी ओरडत नाही, उलट "ओढ रे" म्हणतात.

दुसरा म्हणजे आमचं मांद्रे किंवा आश्वे. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, की आलंच पेडणे, पाळोळ्याला तिथून पुढे अजून शंभराहून जास्त किलोमीटर जायचं असतं. म्हणजे फक्त दोन रात्री असत्या तर मी डोळे झाकून मांद्रे सांगितलं असतं. ओहोटीला प्रचंड रुंद किनारा, मध्ये ओहोळ, त्यावर बांबूचे पूल. पण सासऱ्यांना रोज तो पूल आणि मग मऊ वाळू तुडवून जायला लागेल, त्याचा विचार करा. मोरजी, आश्वे, मांद्रे, तसंच आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात, हिवाळ्यात वाळूत काठ्या-जाळी लावून जागा राखलेली दिसली तर मुलांना लांबून दाखवा, रात्री तिथे टॉर्च मारत हिंडू नका. वागातोर-हणजूण डोंगर आणि जांभा खडक, बघायला जा, शापोऱ्याचा किल्ला चढा, राहायला आणि पोहायला तुमच्यासाठी नाही. हरमलचं गोड्या पाण्याचं तळं छान आहे पण तिथवर खडकातली वाट, सासऱ्यांना जमणार नाही.

दिराचं काय करायचं? त्याला एक संध्याकाळ मोकळी द्या. पाळोळ्याहून बागा लांब पडतं, जाऊन येऊन निम्मा दिवस, त्यामुळे येताना पहिली रात्र नॉर्थला काढा हा एक मार्ग. म्हणजे एक रात्र मांद्रे, त्याने शिवोलीच्या पुलावरून रात्री बागाला जाऊन यावं, स्वतःची गाडी न्यायची नाही, टॅक्सी ठरवून जा म्हणावं, प्यायल्यावर गाडी कोण चालवणार हे भांडण नकोच. बाकी तीन रात्री पाळोळे. मला एरवी दोन ठिकाणी राहणं पटत नाही, सामान भरण्यात आणि चेक-इनची वाट बघण्यात एक अख्खा दिवस जातो, पण तुम्हाला तसाही एवढा लांबचा पल्ला एका दमात सासऱ्यांना झेपायचा नाही. मुलं-म्हातारे गाडीत असताना रोज तीन-तीन बीच "कव्हर" करायचे प्लॅन मात्र फाडून टाका, ट्रॅव्हलवाल्यांच्या नॉर्थ गोवा-साऊथ गोवा टूरमध्ये माणूस समुद्र कमी आणि पार्किंग जास्त बघतो.

बुकिंगला फोन कराल तेव्हा "बीचपासून किती लांब" विचारू नका, सगळेच पाच मिनिटं म्हणतात. असं विचारा: खोलीपासून वाळूपर्यंत चालत किती पावलं, मध्ये रस्ता ओलांडायचा का, खोली तळमजल्याला का, पायऱ्या किती, कमोड आहे का, गाडी कुठे लागते. पाळोळ्याला किनाऱ्यावर लाकडी-बांबूच्या हट असतात, दरवर्षी पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस संपल्यावर परत उभ्या करतात. दिसायला झकास पण बऱ्याच हट खांबांवर उंच, शिडीसारख्या पायऱ्या. तुम्ही आणि मुलं हटमध्ये, सासूसासरे मागच्या पक्क्या खोलीत, असं एकाच ठिकाणी मिळतं, मागा. डिसेंबरचा दुसरा आठवडा चांगला निवडलाय, २२-२३ तारखेनंतर भाव कुठच्या कुठे जातात आणि तेव्हा कोणाशीच घासाघीस होत नाही. बाकी कोणी हे वाचून मे महिन्यात येणार असेल तर तेव्हा किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येतात, पायाला चिकटले की खोबरेल तेलाने निघतात, साबणाने नाही. जून ते सप्टेंबर समुद्र फक्त बघायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जेलीफिश असू शकतात, डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, तडक लाइफगार्डकडे जायचं.

पाळोळ्याजवळ सासूबाईंसाठी श्रीस्थळचं मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे आणि पर्तगाळचा मठ आहे, दोन्ही मिळून एक सकाळ, दुपारी जेवायला परत. डॉल्फिनची बोट घ्यायची तर सकाळी सातला घ्या, पाणी शांत असतं, उलट्या होत नाहीत. सगळ्यांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय चढू नका, आणि "डॉल्फिन नाही दिसले तर पैसे नाही" वगैरे आधीच बोलून घ्या. हीच बोट बटरफ्लाय बीचला पण नेते, पण बोटीत चढताना-उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागते, सासऱ्यांना किनाऱ्यावर खुर्ची घेऊन द्या.

खाण्याचं दोन ओळींत. शॅकमध्ये खुर्ची साधारण काहीतरी मागवलं की बसायला मिळते, तरी आधी विचारा. बर्फावर मांडलेला मासा दाखवून "ताजा आहे, करू का" म्हणतील तेव्हा वजन करून भाव ठरवल्याशिवाय हो म्हणू नका, बिल बघून भांडणं तिथेच होतात. आमच्याकडे सुरमईला इसवण म्हणतात, मेनूत ते दिसलं तर गोंधळू नका. दुपारची थाळी किनाऱ्यावर खाऊ नका, चावडीच्या बाजाराकडे, म्हणजे काणकोण गावात, साध्या खानावळीत खा, निम्म्या पैशांत, आणि कालवण तिथलंच बरं असतं.

वाळूवर गाडी घालू नका. दर सीझनला कोणीतरी नवी कोरी गाडी रीलसाठी पाण्याच्या कडेला नेतो, चाकं रुततात, भरती येते, आणि मग ट्रॅक्टर बोलवायचा, दंड वेगळा, केस वेगळी. उघड्यावर दारू आणि बाटल्या फोडणं यालाही दंड आहे, हे दिराला सांगून ठेवा.

परतताना काणकोणहून सकाळी सहाला निघा. पणजीच्या अलीकडे झुआरीचा पूल आणि पुढे पर्वरी हे ऑफिसच्या वेळेआधी पार केलंत तर दुपारच्या जेवणाला आंबोलीत असाल. मुलं कुरकुरतील, त्यांची शेवटची अंघोळ आदल्या दिवशी सकाळी उरकून घ्या, म्हणजे ओले कपडेही वाळलेले असतात. तारखा ठरल्या की तिथी बघून सांगा, कुठल्या दिवशी किती वाजता पाण्यात उतरायचं ते मी लिहून देतो.